नळ सोडायचा की खोलायचा? सुटं करण्याच्या क्रियापदांची नवशिक्यांसाठी वाटाड्या-वही

आमच्या शेजारी लखनौहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब राहतं. तिथल्या गृहस्थांनी तीन महिन्यांत मराठी बोलायचा चंग बांधला होता. एकदा त्यांच्याकडे नळदुरुस्तीला मिस्त्री आला. वॉशर बदलला, नळ परत बसवला, पाना पिशवीत टाकला आणि हात पुसत उभा राहिला. गृहस्थ म्हणाले, "दादा, आता नळ खोला." मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नळाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाना बाहेर काढून नुकताच बसवलेला नळ पुन्हा खोलायला घेतला.

त्याची काही चूक नव्हती. हिंदीत ‘नल खोलना’ म्हणजे पाणी सुरू करणं. पुण्याच्या मिस्त्रीच्या मराठीत नळ खोलणं म्हणजे त्याचे भाग सुटे करणं. पाणी हवं असेल तर नळ ‘सोडायचा’.

नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेल्यांना, लग्नाने मराठी घरात आलेल्यांना आणि परदेशात वाढून आजीशी फोनवर धड बोलू पाहणाऱ्यांना या एका कोपऱ्यात हमखास ठेच लागते. म्हणून ही वही.

पायरी १: आधी बघा, जोडलं कसं होतं

मराठीत वस्तू सुटी करायला सगळीकडे चालेल असं एकच क्रियापद नाही. कुठलं वापरायचं ते बहुतेक वेळा ती वस्तू जोडली कशी होती त्यावर ठरतं. शिवलेलं उसवायचं. बांधलेलं सोडायचं. नट-स्क्रूने आवळलेलं खोलायचं. घडी घातलेलं उलगडायचं. गुंतलेलं सोडवायचं. गच्च बसलेलं उचकटायचं. रोवलेलं उपटायचं. उभारलेलं उतरवायचं: गुढी सकाळी उभारतात आणि सूर्यास्ताला उतरवतात. घट बसतात, ते दसऱ्याला उठतात.

ही यादी पाठ करू नका. घरात कुणी काही बांधत, लावत, बसवत असेल तेव्हा क्रियापद ऐका आणि ती वस्तू निघताना काय म्हणतात तेही ऐका. क्रियापदं जोडीने कानावर पडली की डोक्यात जोडीनेच राहतात.

नियम लगेच फसतो तो घरापाशी. घर ‘बांधतात’, म्हणून ते ‘सोडायचं’ म्हटलंत तर तुम्ही घरातून निघून गेलात. बुलडोझर लावून घर जमीनदोस्त केलं तर घर ‘पाडलं’. जुन्या वाड्याची कौलं, वासे, तुळया जपून एकेक खाली घेतल्या तर वाडा ‘उतरवला’. चोर शिरले तर घर ‘फोडलं’. वर्तमानपत्रात त्याला घरफोडी म्हणतात आणि बातमीत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द जवळजवळ सक्तीचे असतात. भावाभावांत कुणी भांडण लावून दिलं तरी घर ‘फोडलं’च, फक्त तिथे पोलीस येत नाहीत. आणि नवरा-बायकोचं पटेनासं होऊन सगळं संपलं तर घर ‘मोडलं’. भिंती तशाच उभ्या.

पायरी २: उसवणे

सुरुवात याच शब्दापासून करा, कारण तो अगदी नेमका आहे. शिवण, टीप, टाका, विणलेला स्वेटर: जिथे दोऱ्याने जोड घातलाय, तिथे उसवणे.

शिंप्याकडे कपडा सैल करायला नेलात तर म्हणा, "काका, दोन्ही बाजूंची एकेक टीप उसवून द्या." खांद्याजवळची शिलाई आपोआप सुटली असेल तर, "इथे उसवलंय, टीप मारून द्या." दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच आहे बघा. पहिल्यात माणूस उसवतो, दुसऱ्यात शिवण स्वतःहून उसवते. "शिवण उसवली" एवढंच ऐकलं तर कुणी उसवली की आपली आपण उसवली हे कळत नाही. ‘शिंप्याने’ असा ‘ने’ लागला की कळतं. उकलणे आणि उलगडणे ही क्रियापदंही अशीच दोन्हीकडे चालतात: मी गाठ उकलली, आणि गाठ एकदाची उकलली.

माझी आई शाळेच्या गणवेशाला खाली चार बोटं दुमड ठेवून शिवायची आणि दर जूनमध्ये ती थोडी उसवून फ्रॉक लांब करायची. जुन्या रेघेचा फिका पट्टा वर्षभर दिसायचा. उसवायची तिची पद्धत शब्द शिकतानाच शिकून घ्या. दोरा सगळीकडे कापत सुटायचं नाही. ब्लेडच्या टोकाने दर चार टाक्यांनंतर एक टाका कापायचा, मग कापड उलटं करून त्या बाजूचा दोरा ओढायचा. तो लांबच लांब निघतो आणि कापडाला इजा होत नाही.

आता धोक्याची जागा. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी डॉक्टर टाके ‘काढतात’. टाके ‘उसवले’ म्हणालात तर जखम पुन्हा उघडली असा अर्थ होतो आणि समोरचा रिक्षा बोलवायला धावतो. काढणं ठरवून असतं, शरीराचं उसवणं हा अपघात.

कवितेत नाती उसवतात, आठवणी उसवतात, रात्रही उसवते. बोलताना हे टाळा. सासूबाईंना "आपलं नातं उसवतंय" म्हणालात तर त्या आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघतील.

पायरी ३: खोलणे आणि उघडणे

हिंदी येणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. दार, खिडकी, डबा, पुस्तक, डोळे, दुकान, बँकेतलं खातं हे सगळं प्रमाण मराठीत ‘उघडायचं’. नागपूरकडे दरवाजाही खोलतात, मुंबईतही ऐकू येईल, त्यामुळे कुणाला दुरुस्त करायला जाऊ नका. पण इतरत्र ‘खोलणे’ची खरी जागा म्हणजे गॅरेज आणि दुरुस्तीचं टेबल.

फरक असा. मिक्सरचं झाकण उघडलं म्हणजे आतली चटणी दिसली. मिक्सर खोलला म्हणजे मोटर दिसली. गॅरेजवाला "इंजिन खोलावं लागेल" म्हणाला की पाकिटाला हात लागतो. "इंजिन उतरवावं लागेल" म्हणाला तर गाडीतून इंजिनच बाहेर काढायचंय, तेव्हा आधी बसून घ्या.

या धंद्यातले सोबतचे शब्द लगेच उपयोगी पडतात. खोलण्याआधी स्क्रू ढिला करतात. तो गंजून बसला असेल तर ‘जाम झालाय’. त्याच्या वळ्या झिजल्या असतील तर ‘आटे गेलेत’, आणि हेच माणसाविषयी म्हटलं तर डोकं फिरलंय. काम झाल्यावर भाग परत बसवतात आणि आवळतात. खोलणे-बसवणे ही जोडी एकत्रच लक्षात ठेवा, कारण मिस्त्रीला विचारायचा खरा प्रश्न हाच असतो: "खोलाल ठीक आहे, पण आजच्या आज बसवून द्याल ना?"

भूतकाळात क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, खोलणाऱ्याप्रमाणे नाही. बाईने खोलला तरी पंखा ‘खोलला’, पुरुषाने खोलली तरी सायकल ‘खोलली’, कुणीही खोललं तरी घड्याळ ‘खोललं’.

पायरी ४: टचा ड, उचा ओ

इथे थोडा वेळ द्या, कारण एका चालीत तीन जोड्या हाती लागतात. सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे. डावीकडचं आपोआप घडतं, उजवीकडचं कुणीतरी करतं. उकाराचा ओकार झाला आणि ट चा ड झाला की कर्ता आला आणि दोषही आला.

"मी कप फोडला" हे व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही रागाने भिंतीवर मारला, किंवा गुन्हा कबूल करताय. मराठी माणूस म्हणतो, "माझ्या हातून कप फुटला." हात माझा, फुटला मात्र कप. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे वाक्य आधी शिकावं.

तिघांचे स्वभावही वेगळे. तोडणे म्हणजे मूळ जागेपासून अलग करणं: फूल तोडतात, फांदी तोडतात, ऊस तोडतात, म्हणूनच ऊसतोड कामगार. फोडणे म्हणजे टणक किंवा आत पोकळ असलेलं कवच भेदणं: शेंगा, मडकं, फटाका, दगड. राजकारणात पक्ष फोडतात आणि आमदार फुटतात. सकाळच्या पेपरात या जोडीचा सराव रोज फुकट होतो. सोडणे म्हणजे बंध ढिला करून मोकळं करणं: गाठ, केस, गाय, नळ, पाणी.

सोडणेच्या पुढे ‘सोडवणे’ येतं आणि त्यात खटपट आहे. नाडीची गाठ सोडली, पण पतंगाच्या मांजाचा गुंता सोडवला. भांडण सोडवलं, गणित सोडवलं, पोलिसांच्या तावडीतून मित्राला सोडवलं. "मी मित्राला पोलिसांत सोडलं" म्हटलंत तर मैत्री तिथेच संपली.

पायरी ५: मोडणे

या शब्दाशी जपून वागा. मोडणे म्हणजे आकार किंवा घडण बिघडून वस्तू निकामी होणं, आणि हेही आपोआप किंवा मुद्दाम दोन्ही प्रकारे होतं. खुर्ची मोडते. दोरी तुटते. काच फुटते. कागद फाटतो. शिवण उसवते. मशीन यांपैकी काहीच करत नाही, ते बिघडतं किंवा बंद पडतं. नवशिक्यांच्या तोंडी या सगळ्यांना मिळून ‘तुटलं’ येतं, आणि बऱ्याचदा निभावतंही. पण दवाखान्यात निभावत नाही. पायऱ्यांवरून पडून हाड दुभंगलं तर हात ‘मोडला’. हात ‘तुटला’ म्हणजे तो शरीरापासून वेगळा झाला. डोकं ‘फुटलं’ म्हणजे खोक पडून रक्त येतंय, एवढंच.

मोडणेला लोक वाईट समजतात, ते सर्वस्वी खरं नाही. शंभराची नोट मोडली म्हणजे सुट्टे केले. जुना पाटल्यांचा जोड मोडून लेकीला नवा दागिना केला. अडीनडीला एफडी मोडली. नव्या साडीची घडी मोडली म्हणजे ती पहिल्यांदा नेसली, आणि हा मान घरातल्या दुसऱ्या बाईला प्रेमाने द्यायचीही पद्धत आहे: "तूच मोड गं घडी." मात्र घडी ‘विस्कटली’ म्हणालात तर प्रसंग दुःखाचा होतो, आयुष्याची घडी विस्कटते.

उपासाचंही तसंच. एकादशीचा उपास द्वादशीला ‘सोडतात’. दुपारी कार्यालयात कुणीतरी समोसा पुढे केला आणि तुम्ही विसरून खाल्लात तर उपास ‘मोडला’. सुटका आणि चूक यांच्यातला फरक इतक्या थोडक्यात दाखवणारी दुसरी जोडी मला माहीत नाही. ठरलेलं लग्न मोडतं, झालेलं लग्न मोडलं तर काडीमोड होतो. आणि तुम्ही आत्ता बोलताय ती मराठी ‘मोडकीतोडकी’ आहे, असं तुम्ही स्वतःच नम्रपणे म्हणायचं असतं. कुणीही लगेच म्हणेल, "छे हो, छान बोलता की!"

पायरी ६: शब्द सुचेना तर ‘काढणे’

काढणे हा पत्त्यांमधला जोकर. बटण, कडी, झाकण, प्लग, चष्मा, चपला, चिकटपट्टी, खिळा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं काढता येतं. जे जे ‘लावलं’ ते ते ‘काढायचं’, इतका हा नियम भरवशाचा आहे. घाई असेल तेव्हा "हे काढायचंय" म्हणून बोट दाखवलंत की काम होतं.

पण जोकर उलटतोही. ‘फोटो काढ’ म्हणजे भिंतीवरचा खाली घे, आणि कॅमेऱ्याने टिप, दोन्ही. रांगोळी काढतात म्हणजे घालतात. दुकान काढलं म्हणजे नवं सुरू केलं. महात्मा फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा ‘काढली’ हे वाक्य वाचून माझ्याकडे मराठी शिकायला येणारी एक मुलगी हबकली होती: एवढा मोठा माणूस, आणि शाळा का काढून टाकली? मग तिला सांगितलं की काढून ‘टाकली’ असतं तर तो अर्थ झाला असता. नुसतं काढली म्हणजे स्थापन केली. तो मोडकळीला आलेला वाडा २०२३च्या डिसेंबरात स्मारकासाठी ‘पाडला’.

त्या मुलीने अचूक जागी बोट ठेवलं होतं. मागचं सहायक क्रियापद सगळा अर्थ फिरवतं. काढून टाक म्हणजे नको आहे. काढून ठेव म्हणजे बाजूला जपून ठेव. काढून घे म्हणजे तुझ्याकडे घे. काढून दे म्हणजे माझ्यासाठी काढ. कामवाल्या मावशींना जुन्या साड्या "काढून ठेवा" म्हणायच्या ऐवजी "काढून टाका" म्हटलंत की त्या साड्या परत दिसत नाहीत.

पायरी ७: जिथे फोडणं म्हणत नाहीत

देवापुढे, नव्या गाडीपुढे, दुकानाच्या उद्घाटनाला नारळ ‘वाढवतात’. स्वयंपाकघरात चटणीसाठी तोच नारळ ‘फोडतात’. काम एकच, पण शुभप्रसंगी फुटण्या-तुटण्याचं नाव घ्यायचं नाही. बांगडी पिचली तरी जुन्या बायका ‘बांगडी वाढली’ म्हणतात, मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी ‘वाढलं’. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पूजेला बोलावलं असेल तर "नारळ मी फोडू का?" विचारू नका. कुणी रागावणार नाही, पण क्षणभर सगळे गप्प होतील.

नारळावरून आठवलं, स्वयंपाकघरात सुटं करण्याची क्रियापदं वस्तूगणिक बदलतात. नारळाचं सोडण सोलतात, मग नारळ फोडतात, मग खोबरं खवतात. मटार सोलतात, मेथी निवडतात, भाकरी मोडतात, दुधात ती कुस्करतात आणि शिजलेला भात काट्याने मोकळा करतात. हे वाचून येणार नाही. ओट्यापाशी उभं राहून, "हे कापू की चिरू की निवडू?" असं विचारत राहा. उत्तर देणाऱ्याला आनंदच होतो.

शाळकरी मुलं घरात असतील तर त्यांच्या पुस्तकांतही डोकवा. गणितात संख्येचे अवयव ‘पाडतात’: १२चे मूळ अवयव २, २ आणि ३. समीकरण ‘सोडवतात’. व्याकरणात ‘सूर्योदय’ ही संधी सोडवून ‘सूर्य’ आणि ‘उदय’ असे वेगळे करतात, आणि ‘पंचवटी’ या समासाचा विग्रह करतात: पाच वडांचा समूह. विज्ञानात पृथक्करण आणि विघटन येतं. हे संस्कृत शब्द परीक्षेपुरते ठेवा, पंखेवाल्यापुढे काढू नका.

शब्दकोश बघायचा असेल तर

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारून वाढवलेली १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. एक खुबी लक्षात ठेवा: तिथे क्रियापदं जुन्या शुद्धलेखनाने, शेवटी अनुस्वार देऊन छापली आहेत. ‘उसवणे’ टाकून काही सापडलं नाही तर ‘उसवणें’ टाकून बघा.

आता हात घाण करा: टेबल पंखा

क्रियापदं हातानेच बसतात. म्हणून घरातला धुळकट टेबल पंखा घ्या, शेजारी मराठी बोलणारं एक माणूस बसवा आणि प्रत्येक कृती मोठ्याने सांगत करा.

आधी प्लग काढा, हे बोलून नाही, खरंच काढा. जाळीच्या कडेच्या क्लिपा सोडा. कुठे छोटा स्क्रू असेल तर ढिला करून काढा आणि वाटीत ठेवा. पुढची जाळी काढा. आता पात्याच्या मधोमध असलेली टोपी. ही बहुतेक पंख्यांत उलट्या आट्यांची असते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की ढिली होते. लोक नेहमीच्या सवयीने उलट फिरवतात, ती आणखी आवळली जाते आणि मग पक्कड लावून टोपी फोडतात. (सांगताना "माझ्या हातून टोपी फुटली" म्हणायचं, चौथी पायरी आठवा.) टोपी निघाली की पातं सरळ पुढे ओढून उतरवा. मागची जाळी एका मोठ्या कड्याने आवळलेली असते, ते कडं फिरवून काढा, जाळी सुटेल.

जाळ्या आणि पातं साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मग उलट्या क्रमाने: मागची जाळी बसवा, कडं आवळा, पातं बसवा, टोपी लावून आवळा, पुढची जाळी बसवून क्लिपा लावा.

एवढं करूनही पंखा घरघरत असेल तर मोटर खोलायच्या फंदात पडू नका. मिस्त्रीला बोलवा आणि म्हणा, "दादा, जाळी मी काढून धुतलीय, आतून आवाज येतोय. जरा खोलून बघा."